पाठमोरी खुर्ची

हमीदमामा आमच्याकडे टीव्ही बघायला यायचे ते स्वतःची खुर्ची घेऊन. लोखंडी पाइपची, प्लॅस्टिकच्या वायरने विणलेली ती खुर्ची खांद्याला अडकवून ते समोरच्या दारातून निघायचे, गल्ली ओलांडायचे आणि आमच्या हॉलमध्ये टीव्हीच्या अगदी पुढ्यात ती मांडून बसायचे. मी फटकळ आहे हे सगळ्या गल्लीला माहीत. एकदा विचारलंच, की मामा, आमच्या खुर्च्यांना काटे आहेत का? तर म्हणाले, "वैनी, टीव्ही तुमचा, लाईट तुमची, च्या तुमचा. बूड तरी माज्या खुर्चीवर ठिवू द्या की."

त्यांच्या घरात टीव्ही नव्हता असं नाही, पण त्याच वेळेला रशिदामामींची मालिका लागायची आणि तिथे मामांची डाळ शिजत नव्हती. टीव्हीवर गाण्याच्या स्पर्धा नव्याने आल्या होत्या आणि लोक मोबाइलवरून मेसेज करून आपापल्या गायकाला मतं द्यायला लागले होते, तेव्हाची ही गोष्ट. मामा कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीतून नुकतेच रिटायर झाले होते. आमचे हे त्याच कंपनीत होते. पहिली शिफ्ट असली की हेही बघायला असायचे, गल्लीतल्या दोन-चार बायका यायच्या, दारात चपलांचा ढीग पडायचा. दौंडच्या आमच्या त्या गल्लीत शुक्रवारची जेवणं लवकर आटपायची ती या स्पर्धेपायी.

गाणं सुरू झालं की मामा पहिलं काय करायचे, तर आवाज कमी करायला लावायचे. म्हणायचे, मोठा आवाज म्हणजे गाण्याचा अपमान. आम्हाला वाटायचं, काय नाजूक कान आहेत माणसाचे. आणि कॅमेरा गाणाऱ्यावर फार वेळ राहिला की वैतागायचे, "त्याचं तोंड काय दावतोय सारखं. मागं बसल्यात त्यांची दाव की." गाणाऱ्याच्या मागे बाकीचे स्पर्धक रांगेत बसलेले असत, मामांचा सगळा जीव त्या रांगेत.

त्यांची मतं मात्र ऐकण्यासारखी. डोंगराकडच्या कुठल्या राज्यातला एक जाडगेला, लाजाळू मुलगा होता. पहिल्याच आठवड्यात मामा म्हणाले, "हा गायला लागला आन् मागच्या चौघांनी पाय हालवायचं थांबिवलं. ह्यो शेवटपतुर जातोय बघा." आणि गेला. दुसरा एक देखणा, पोरींचा लाडका. त्याच्याबद्दल म्हणाले, हा आईकडे बघून गातो, आई आली नाही त्या दिवशी पडेल. आईला कुठलंसं आजारपण आलं, ती आली नाही आणि बिचारा खरंच अडखळला. आमचे हे भजनी मंडळात पेटी वाजवतात, त्यामुळे यांना वाटायचं सूर काय तो आपल्यालाच कळतो. हे म्हणायचे, अमकीचा वरचा सूर लागला नाही. मामा हात झटकायचे. "सूर ऱ्हाऊ द्या. बाजूला बसलेल्या पोरीचं तोंड पडलं का न्हाई, ते सांगा." परीक्षक रडायला लागले की म्हणायचे, "त्यांचं धरू नका. त्यांना डोळं पुसायचा पगार हाय."

त्यांचा अंदाज इतक्यांदा बरोबर यायचा, की मुलं मेसेज पाठवण्याआधी त्यांना विचारायला लागली. गल्लीत मामांच्या शब्दाला वजन आलं. मलाही वाटायला लागलं, की या माणसाला गाण्यातलं काहीतरी आपल्यापेक्षा खोल कळतं.

आता यास्मिनबद्दल सांगते. ही मामांच्या मुलीची मुलगी, मामा तिचे नाना. आईवडील शिरूरला, ही कॉलेजसाठी आजोळी दौंडला. वडील, इक्बालभाई, सणसवाडीच्या कारखान्यांचा माल टेम्पोने पोचवायचे. यास्मिन भांडी घासायला बसली की गायची आणि मी आमच्या मोरीतला नळ बंद करायचे. तिच्या आवाजात काय होतं मला सांगता यायचं नाही, पण हातातलं काम थांबायचं. तिची एकच तक्रार होती. एकदा माझ्याजवळ बसून म्हणाली, "काकी, नाना टीव्हीतल्या सगळ्यांबद्दल बोलतात. माझ्याबद्दल एक शब्द नाही. मी इतकी वाईट गाते का?" मी म्हटलं, अगं, घरच्या माणसाचं कौतुक करत नसतात ते. पण मलाही ते खटकलं होतं.

मग त्या स्पर्धेची निवड पुण्यात होणार अशी जाहिरात आली. यास्मिनने जेवण सोडलं नाही एवढंच, बाकी सगळा हट्ट केला. इक्बालभाई काही गाण्याचे वैरी नव्हते. पण टेम्पो उभा ठेवायचा, लोक चार गोष्टी बोलणार, आणि पोरगी नुसतीच हौसेने गात असेल तर? शेवटी त्यांनी सासऱ्यांवर सोपवलं, की अब्बांनी म्हटलं ही गाते, तर मी नेतो. नाही म्हटलं, तर हा विषय पुन्हा घरात काढायचा नाही. यास्मिन खूश झाली. नानांना गाण्यातलं कळतं, म्हणजे न्याय होणार असं तिला वाटलं. मामांचा चेहरा मात्र उतरला. ते दोन-तीन दिवस टाळत राहिले.

एका रविवारी दुपारी सगळे आमच्या हॉलमध्ये जमले. इक्बालभाई, यास्मिनची आई, रशिदामामी, आम्ही दोघं, गल्लीतल्या बायका. मामा खुर्ची घेऊन आले. यास्मिन भिंतीपाशी उभी राहिली आणि मामांनी खुर्ची मांडली ती तिच्याकडे पाठ करून, आमच्याकडे तोंड करून. आम्हाला वाटलं, नातीचं तोंड बघून मन पाघळू नये म्हणून असेल. वा रे न्याय, असं मी मनात म्हटलंसुद्धा.

ती गायली. मी पदर डोळ्याला लावला. यांची मान डोलत होती. यास्मिनची आई तर हुंदके द्यायला लागली. मामा आमच्या एकेकाच्या तोंडाकडे बघत होते, घाईघाईने, एकाकडून दुसऱ्याकडे, काही हरवल्यासारखे. गाणं संपलं तेही त्यांना आमच्याकडे बघूनच कळलं. इक्बालभाईंनी हळूच विचारलं, अब्बा, काय म्हणता?

मामा म्हणाले, "ह्या तोंडांवरनं मला कायबी कळंना. तुमचा समद्यांचा जीव हाय तिच्यावर. तिनं नुसता खोकला काढला असता तरी तुम्ही रडला असता." मग टोपी काढून मांडीवर ठेवली. "मला गाणं ऐकू येत न्हाई. लई वर्सं झाली."

कंपनीत त्यांचं सगळं आयुष्य कंप्रेसर हाऊसमध्ये, हवा दाबणाऱ्या अजस्र यंत्रांच्या घरघराटात गेलं होतं. तिथे शेजारच्या माणसाशी बोलायचं तर खुणांनी. कान कधी गेले ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. कळलं तेव्हा तीन मुलींची लग्नं व्हायची होती, नोकरी जाऊन चालणार नव्हतं. वर्षाच्या मेडिकलला कानाला यंत्र लावून बसवत आणि आवाज आला की बटण दाबा म्हणत. मामा बटण दाबायचे ते समोर बसून तपासणाऱ्या बाईचा हात हलला की. तिथून सवय लागली, म्हणाले. कोण काय बोलतंय ते ओठांवरून, आणि ते कसं आहे ते ऐकणाऱ्याच्या तोंडावरून. मग म्हणाले, "बोलणं कळतं मला. गाणं मातर समदं कंप्रेसरवानी ऐकू येतंय, नुसतं घूं. ही पोरगी दारात भांडी घासताना गाती, तवा मी हिच्या गळ्याकडं बघत बसतो. मी काय सांगू हिला, कशी गाती?"

सगळ्या गल्लीने डोक्यावर घेतलेला माणूस आपल्या हाताने आपली किंमत उतरवून ठेवत होता आणि ती राखायला त्याला फक्त "गाती" एवढंच म्हणायचं होतं. कुणाला कळलंही नसतं. रशिदामामी तेवढ्या शांत होत्या. म्हणाल्या, मी काय उगाच दर वेळी चुलीपुढून उठून समोर येऊन बोलते का तुमच्याशी?

यास्मिन आजोबांच्या पायाशी येऊन बसली होती. आता न्याय कुणी करायचा? ते मामांनीच सांगितलं. "ने तिला पुण्याला. जिथं तिला कोण वळखत न्हाई तिथं गाऊ दे. हितं कवाच कळायचं न्हाई."

पुण्याला मीही गेले. सांगितलं कुणी नव्हतं, पण अशा वेळी मी घरी बसणारी नाही. मैदानाला वळसा घालून रांग, डोक्यावर ऊन, जो तो आपलं गाणं गुणगुणतोय, नुसता मधमाश्यांचा गोंगाट. आमच्या पुढे एक गाणं शिकलेली मुलगी होती, आईसोबत, सारखं आलाप घेत होती. दुपारी कधीतरी यास्मिनने गळा मोकळा करायला म्हणून गायला सुरुवात केली. मग आत बोलावणं आलं. गेली तशी लगेच बाहेर आली. निवड झाली नव्हती. गाडीत ती खिडकीशी बसली आणि दौंड येईपर्यंत इक्बालभाई तिला सारखे शेंगदाणे देत होते.

मामा दारात खुर्ची टाकून बसलेले. नातीच्या तोंडावरून निकाल त्यांना कळलाच. तिच्या डोक्यावर हात ठेवून तिला आत पाठवलं आणि मला समोर उभं केलं. आतल्यांचं सोडा म्हणाले. रांगेत गायली का? तेव्हा आजूबाजूची पोरं काय करत होती?

मी आठवून, सावकाश, ओठ नीट हलवत सांगितलं. आधी मागचे गप्प झाले, मग पुढचे. पुढची ती शिकलेली मुलगी वळून बघायला लागली आणि आईला म्हणाली, चल, आपण घरी जाऊ. तिची आई तिच्यावर खेकसलीसुद्धा.

मामांनी मला तेवढंच पुन्हा सांगायला लावलं. मग हसले. "घरी जाऊ म्हणली? मंग गाती आपली पोरगी," म्हणाले आणि ते आत जाऊन यास्मिनला सांगून आले.

पुढे इक्बालभाईंनी त्यांना कानाचं मशीन आणून दिलं. आम्हाला वाटलं, आता तर काय, मामा एकेकाची सालटी काढतील. झालं उलटंच. कितीतरी वर्षांनी गाणं ऐकलेला माणूस तो, पार हरखून बसायचा. कुणाबद्दलही विचारलं तरी उत्तर एकच, "बरी गातात की वो समदीच." स्पर्धेतली मजाच गेली. मी तर एकदा म्हटलं, की मामा, मशीन काढा बघू. यास्मिन आता शिरूरलाच असते. शाळेच्या गॅदरिंगची गाणी बसवते, लग्नाकार्यात गाते, आणि ती गाताना मी अजूनही समोर बघत नाही, बाजूला बसलेल्यांची तोंडं बघते. मामांनी लावलेलं वेड आहे हे. ते गेले त्यालाही बरीच वर्षं झाली. खुर्ची रशिदामामींनी आमच्याकडे पाठवून दिली.

एक सांगायचं राहिलं. मशीन आणलं त्याच आठवड्यात ईद होती. शीरखुर्मा झाल्यावर सगळे आमच्या हॉलमध्ये जमलो. यास्मिन तशीच भिंतीपाशी उभी राहिली. मामांनी सवयीने खुर्ची आमच्याकडे तोंड करून मांडली, बसले, मग उठले आणि ती फिरवून तिच्याकडे तोंड केलं. ती गायली. आम्हाला त्यांची पाठ तेवढी दिसत होती. गाणं संपलं तसे आम्ही सगळेच्या सगळे उठून पुढे गेलो, त्यांच्या तोंडाकडे बघायला.

मामांनी घाईने टोपीने डोळे पुसले. "माज्या तोंडाकडं काय बघताय?" म्हणाले. "मी नाना हाय तिचा."