थोडी योद्धा, थोडी वैद्य

रविवारी दुपारी आमची रेवा मैत्रिणींना जमवून फाशांचा साहसखेळ मांडते. त्यात प्रत्येकीने एकेक पात्र व्हायचं. परवा तिची आईही बसली आणि म्हणाली, “मी योद्धाही होणार, वैद्यही.”

“आई, दोन्हींत कच्ची राहशील.”

“राहू दे गं.”

नोकरी सांभाळून गाणाऱ्या हिला लोक आयुष्यभर हेच ऐकवत आले, मीसुद्धा.

झालंही तसंच. हिचे निम्मे वार वाया गेले. मग रेवाची धनुर्धारी राक्षसांच्या गराड्यात घायाळ होऊन पडली. तिथवर पोचायला तलवार हवी होती आणि पोचल्यावर औषध. जेमतेम का होईना, दोन्ही येणारी ही एकटीच होती. फासा पडला, धनुर्धारी उठून बसली आणि रेवाने आईला घट्ट मिठी मारली. मी दारातच उभा होतो, थोडा ओशाळून.