अक्कांच्या रक्तातली झोप

अक्कांना एचआयव्ही होता.

मुद्दाम आधीच लिहिते. आपण गेल्यावर सगळ्यांना सांगून टाक, असं त्याच म्हणाल्या होत्या, "मी गऊ का सांगी दे बठ्ठास्ले. लपाडी लपाडी थकनू मी."

अक्का म्हणजे माझ्या मोठ्या नणंद, पाचोऱ्याच्या. आज त्यांना जाऊन वर्ष झालं. हृदय थांबलं. त्या आजाराने नाही गेल्या.

त्यांचे यजमान मात्र त्याच आजारात दोन वर्षांत गेले. ह्या राहिल्या.
गाव म्हणालं, "नवऱ्याला खाऊन बसली."
ऐकून ऐकून अक्कांनाही ते खरं वाटायला लागलं.

मग त्यांची लेक वैशाली पुण्याला लॅबमध्ये ह्याच विषाणूचा अभ्यास करू लागली.

ती सुट्टीला आली असताना एका दुपारी आम्ही तिघी आमच्या ओट्यावर बसलो होतो. ऊन पेंगुळलेलं. केळीची पानंसुद्धा हलत नव्हती.
"मामी, जुनं कॅलेंडर द्या ना."
पाठकोऱ्या पानावर तिने नुसती अक्षरं काढली, विषाणूची घडण लिहिणारी.

"आई, हा स्वतःच्या नकला काढताना चुकत राहतो. प्रत्येकाच्या अंगात त्याची अक्षरं थोडी वेगळी. त्यात एक बटण असतं. तिथली अक्षरं बदलली की कुठे तो भराभर छापतो, कुठे हळू. काही पेशींत तर नुसता निजून राहतो."

"मंग तुना बाप मनामुये गया नही?"

"नाही गं, तुझ्यामुळे नाही. माणसांची शरीरंही वेगळी असतात; कुणी लवकर जातं, कुणी राहतं. ह्यात पाप कुठलं?"

अक्का कितीतरी वेळ स्वतःच्या मनगटाकडे बघत राहिल्या.
जसं आत कुणी झोपलंय. आवाज नको व्हायला.

ती झोप मला फार गोड वाटली. तिथेच मी चुकले.

नवरात्र आलं. अक्का दरवर्षीसारख्या माहेरी, आमच्याकडे होत्या. त्यांची ह्या आजाराची रोजची गोळी जेवणानंतरची, आणि उपवास कडक.
मीच म्हटलं, "तो निजलाय ना अक्का? नऊ दिवस राहू द्या गोळ्या. देवी बघून घेईल."

पुढच्या रिपोर्टमध्ये विषाणू वाढलेला.
वैशाली रडली. "गोळ्यांनी दबलेला असतो तो. थांबवल्या की उठतो. कुणी सांगितलं तुला हे?"

मी समोरच उभी होते.

अक्का स्वतःच्या कपाळावर बोट ठेवून म्हणाल्या, "कोन सांगी? मनंच डोकं."

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. काही महिन्यांनी तो परत दबला, आणि अक्का पुढे बरीच वर्षं जगल्या.
दर नवरात्रात गोळी हातात घेऊन मला हाक मारायच्या, "भगर लवकर आन वं सुमन, पाव्हना जागा व्हई जाई!"
आणि हसायच्या. पण त्या दिवसाचं कधी बोलल्या नाहीत.

मीही नाही.

वैशाली, तुझ्या आईला सांगणारी मी होते.

अक्का, देवीच्या पायाशी सुखात राहा. तुमच्या सुमनचा नमस्कार.