राणीच्या गालावरचा अंगठा

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत माझ्या नवऱ्याने माझ्याशी दोन दिवस अबोला धरला होता. मी काय केलं होतं? लक्ष्मीपूजनाला घरातली चांदी घासतात, तसे त्याच्या कपाटातले राणीछाप रुपयेही विभूती लावून लख्ख केले होते. पुण्याहून आलेली कुठलीही नवी नवरी हेच करेल. पण चांदी वर्षानुवर्षं कागदात पडून राहिली की तिच्यावर निळा-जांभळा, कडेला सोनेरी असा रंग चढतो, आणि नाणी जमवणारे त्या रंगावर जीव टाकतात. घासलं की रंगही जातो आणि नाण्याचा दर्जाही. तेव्हापासून आमच्या नोएडाच्या घरात नियमच झाला: नाणं कडेला, दोन बोटांत धरायचं. चेहऱ्याला हात लावायचा नाही. पाहुण्यांनी लावला तर हा भला माणूस त्यांच्यावरही खेकसायचा.

दोन वर्षांपूर्वी तो गेला. मेट्रो स्टेशनबाहेरचा रस्ता ओलांडताना, भर दुपारी, टेम्पोखाली. ड्रायव्हर पोलिसांना पुन्हा पुन्हा सांगत होता, "साहब ने सीधा मेरी तरफ देखा, फिर भी आगे आ गए." त्याआधी वर्षभर माझा नवरा गप्प गप्प झाला होता, ऑफिसात चुका करत होता. नातेवाईक कुजबुजायचे आणि मी आले की विषय बदलायचे. आणि खरं सांगते, मलाही तेच वाटायचं. हा मुद्दाम गेला का? माझ्यामुळे गेला का? हे मी कुणाशीच बोलले नाही, आमच्या मुलीशी तर नाहीच. तेव्हा ती अकरा वर्षांची होती.

मागच्या दिवाळीत पूजेसाठी कपाट उघडलं तेव्हा एका रुपयावर, राणीच्या गालावर, करडा डाग दिसला. महिन्याने पाहिलं तर तो डाग नव्हता, अंगठा होता. रेघान् रेघ दिसत होती. पुढच्या महिन्यात तसाच अंगठा आणखी दोन नाण्यांवर आला, मग पाचांवर. कपाटाला कुलूप आणि किल्ली माझ्या पर्समध्ये. मी मुलीवर भडकले. ती म्हणाली, "मी टच पण नाही केलं, आई." मग ती त्या ठशाकडे बघत राहिली आणि उठून आपल्या खोलीत गेली.

प्रत्येक ठशाच्या मधोमध एक तिरकी कोरी रेघ होती. ती मी ओळखली. नारळ खवताना त्याचा अंगठा विळीवर कापला होता, त्याचा तो व्रण. भूतखेत मी मानत नाही, पण मेलेल्या माणसाचा अंगठा महिन्या-महिन्याने उमटत असेल तर काय करायचं? मी कपाटाच्या खोलीत जाणं सोडलं. रविवारची दुपार, बाहेर लख्ख ऊन, शेजारी कुकरच्या शिट्ट्या, आणि मी हॉलमध्ये त्या बंद दाराकडे पाठ करून बसायचे. पाठ केली की आणखी भीती वाटायची.

शेवटी पाच नाणी घेऊन मी करोल बागला गेले. तिथल्या जुन्या नाण्यांच्या एका म्हाताऱ्या दुकानदाराकडे माझा नवरा वर्षानुवर्षं जायचा. दुकानदाराने भिंग लावून नाणी पाहिली.

"पसीना चांदी को धीरे-धीरे खाता है, मॅडम. आज हाथ लगाओ, निशान साल-दो साल बाद ऊपर आता है."

म्हणजे जिवंतपणीच लावलेला हात. मला सुटल्यासारखं झालं, पण क्षणभरच. मी म्हटलं, "वो कभी चेहरे को हाथ नहीं लगाते थे."

"आखिरी साल लगाते थे. यहीं स्टूल पर बैठकर अंगूठा फेरते थे."

मग त्याने दोन नाणी माझ्यापुढे ठेवली. दोन्हींवर राणीचे केस सपाट. एकावर सपाट जागाही चमकत होती: टांकसाळीत छापच हलका बसला होता, नाणं मात्र कोरंच. दुसऱ्यावर ती जागा मंद, मळकट: वापरून झिजलेलं. बोटाला दोन्ही सारखीच लागतात, फरक फक्त डोळ्यांना कळतो. शेवटच्या वर्षी माझा नवरा झिजलेली नाणी कोरी समजून घेऊन जायचा. दुकानदाराने एकदा टोकलं, तर हसून म्हणाला, लाइट जरा पास लाइए.

"आँखें जा रही थीं उनकी," दुकानदार म्हणाला. "आपको बताया नहीं था?"

परतीच्या मेट्रोत मला सगळं आठवत गेलं. बाहेर निघालो की तो माझं कोपर धरायचा. मी झटकायचे, लोक बघतायत यार, म्हणायचे. भाजी आणायलाही म्हणायचा, तू पण चल ना. मी म्हणायचे, तुला एकट्याने जायला काय होतं? त्याने टेम्पोकडे बघितलं होतं, पण टेम्पो त्याला दिसला नव्हता. दोन वर्षं छातीवर ठेवलेला धोंडा उतरला, आणि त्या जागी दुसरा बसला. मला रडू येत होतं आणि त्याचा भयंकर रागही येत होता.

घरी आल्यावर मुलीला समोर बसवलं आणि सांगितलं, बाबांना नीट दिसत नव्हतं.

ती म्हणाली, "मला माहीत होतं."

"कसं?" मी विचारलं.

"त्यांचे मेसेज मीच वाचून दाखवायचे. आईला टेन्शन नको, म्हणाले होते. रस्ता पण मीच क्रॉस करून द्यायचे." ती नखं कुरतडायला लागली. "त्या दिवशी म्हणाले होते, चल. मी मोबाइलवर खेळत होते. म्हटलं, बाबा, आज तुम्ही जा ना."