गुलाबी पक्ष्यांचा उतार

गाडी निघताना दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा काढून घेतल्या. त्यांच्यावाचून आमचीच गाडी परक्यासारखी वाजू लागली. हसनाबादेत त्या दिवसांत कुठून कुठून बंदुकीचे बार ऐकू येत. मामा बहिणीला माहेरपणाला नेत आहे, असे गावाला सांगितले होते; खरे तर आम्ही पळून चाललो होतो. गाडीत माय, तिच्या मांडीवर तान्हा भाऊ आणि मी. दादा दुसऱ्या दिवशी, शेतावर निघाल्यासारखे, एकटे येणार होते. नदीपलीकडे वऱ्हाड; तिथे निजामाचा अंमल संपे.

"पाखरं उभी असतील तिथूनच उतरा," मायने बजावले.

"व्हय," गाडी हाकणारा मामा म्हणाला. "पोहता न्हाई येत मला, पाखरं तर दिसतेत!"

गावी राहिलेल्या बहिणींनो, आणि माझ्यासारख्या दूर गेलेल्यांनो, तुम्हाला ठाऊकच आहे. वाकड्या चोचीचा कुदळ्या पक्षी जिथे उभा, तिथे नदीला उतार, म्हणजे पाणी उथळ. आपली माणसे पाखरांच्या पायांनी पाणी मोजत.

त्या दिवशी कुदळे नव्हते. होते ते कधीच न पाहिलेले पक्षी: कमळाच्या पाकळीचा रंग, लांबलचक मान, मोडल्यासारखी चोच. पोटे पाण्याला टेकलेली.

"पाय आखूडच असतील यांचे," मामा म्हणाला. "बिलकुल घोट्याएवढं पाणी हाये."

बैलांच्या पायांखालची जमीन एकाएकी सरली. पक्षी मात्र शांतपणे बाजूला सरकले, आणि तेव्हा उमगले, ते उभे नव्हतेच, तरंगत होते. बैलांनी ओढून पलीकडचा काठ गाठला, पण मामाचा पाय चाकात सापडला. भावाच्या टाळूला गाळाचा वास येत होता. तो रडला, तेव्हा कुठे मायने श्वास सोडला.

आणि लगेच पुन्हा रोखला. दादा याच पाखरांवर भरवसा ठेवून उतरणार होते.

आज नागपुरात नात रंगीत पुस्तक उघडून म्हणते, "आजी, किती ब्यूटिफुल!" रोहित पक्षी, खाऱ्या पाण्याचे रहिवासी, असे त्यात लिहिले आहे. आपल्या नदीत ते का आले, ते पुस्तकात नाही. मी ते पान उलटते.

दुसऱ्या दिवशी माय सकाळपासून ढेकळे फेकत होती. "उठा! जा आपल्या मुलखाला!" ते उठत, पंखांखालची लाली आभाळभर सांडत, आणि फिरून तिथेच उतरत. मामाला पायामुळे उभे राहता येत नव्हते.

उन्हे कलताना दादा पलीकडे दिसले. माय ओरडली, वारा उलटा होता; आवाज गेला, शब्द नाहीत. त्यांनी हसून हात हलवला, धोतर खोचले आणि पक्ष्यांच्या रोखाने पाण्यात पाय घातला.

मायने भावाला माझ्याकडे दिले. काठीने तळ चाचपत ती खालच्या अंगाला नदीत शिरली आणि मधोमध जाऊन थांबली. पाणी तिच्या गुडघ्याला होते. तिने लुगडे वर धरले, आपले पाय त्यांना दिसावेत म्हणून. ती आता ओरडत नव्हती.

दादा थबकले. कितीतरी वेळ दोघांकडे पाहत राहिले, तिच्याकडे आणि पक्ष्यांकडे. मग तिच्या दिशेने वळले.

"केवढी ओरडून राह्यल्तीस! मला वाटलं, माहेरी भांडून आलीस," दादा जवळ येत म्हणाले.

माय हसली नाही. त्यांचे मनगट धरून तिने त्यांना काठावर आणले, भावाला घेतले आणि म्हणाली, "चला, घरी."

हसनाबादच्या घराला कुलूप होते. पुढचे छप्पर ठरायचे होते. कोणत्या घरी, असे आम्ही कोणी विचारले नाही; सगळे एका काठावर होतो. मी अजूनही विचारत नाही.