मोहनअण्णांची लाळ

"हा माणूस आठला गाढ झोपतो, नऊला टक्क जागा होतो आणि दहाला पुन्हा पेंगतो?" राव सरांनी आलेख माझ्यापुढे टाकला. "मॅडम, तुमचं किट गंडलंय."

माझं किट गंडत नाही. तरी मी आलेख हातात घेतला.

राव सर बंगळुरातल्या पीण्याच्या आमच्या लॅबचे मॅनेजर. मी तिथे लाळेतलं मेलॅटोनिन मोजते. अंधार पडला की मेंदू हा हार्मोन सोडतो आणि शरीराला झोपेची वर्दी मिळते. त्यासाठी घरी मंद उजेडात बसायचं आणि संध्याकाळी सहापासून अकरापर्यंत दर तासाला एका नळीत थुंकायचं. एका ठरावीक वेळी आकडा चढू लागतो आणि मग चढतच जातो. इथे मात्र नुसता चढउतार होता.

नळ्या मोहनअण्णांच्या. इलेक्ट्रॉनिक सिटीत कायमची नाइट शिफ्ट. ड्यूटीवर दोनदा डोळा लागलेला. तिसऱ्यांदा लागला तर नोकरी गेली. दिवसपाळी हवी असेल तर महिनाअखेरपर्यंत रिपोर्ट आणा, असं एचआरने बजावलं होतं.

मी टेस्ट पुन्हा लावली. प्लेटमधल्या खळग्यांना हार्मोन पकडणारी अँटिबॉडी चिकटवलेली असते. हार्मोन जितका जास्त, तितका खळग्यात उमटणारा रंग फिका. पुन्हा तोच चढउतार. पिपेट बदललं. नवं किट उघडलं. राव सरांनी फ्रीजरवरही संशय घेतला. यात चार दिवस गेले. शेवटी वैतागून मोहनअण्णांनाच बोलावलं.

"केळं, चॉकलेट, चहा, काही घेतलं होतंत?"

"छे अक्का! दिवे बंद करून बसलो होतो. घरातले सगळेच."

"सगळे कशाला?"

"दोन नळ्या भरल्या आणि तोंड सुकलं बघा. आई म्हणाली, एकटा किती थुंकशील? मग आठची माझ्या धाकट्या लेकीने भरली. नऊची आईने. दहाची वैनीने. अकराला मला पुन्हा स्वल्प लाळ सुटली."

मी पेन खाली ठेवलं.

"नियम मात्र सगळ्यांनी पाळले हं," ते घाईने म्हणाले. "कॉफीचा घोटसुद्धा नाही."

लहान मुलांत हा हार्मोन भरपूर असतो आणि लवकर चढतो. म्हातारपणी तो जेमतेम उरतो. म्हणजे किट चोख होतं. अख्ख्या कुटुंबाचा आलेख त्याने बिनचूक काढला होता. मला हसू आवरेना. राव सर हसले नाहीत.

दुसऱ्या खेपेला मोहनअण्णांना लॅबमध्येच बसवलं, एकट्याला. आकडा नऊच्या सुमारास चढला आणि चढतच गेला. शरीर रात्री झोपणाऱ्याचं, हे कागदावर आलं. त्यांना दिवसपाळी मिळाली आणि मला खरंच बरं वाटलं.

आठवड्याने त्यांच्या आईंचा फोन आला. "बाई, माझ्या नळीत काय निघालं? सगळं सरी, ठीक आहे ना?"

हल्ली नमुने आले की उजेड, वेळ, खाणं हे सगळं मी नंतर विचारते. आधी विचारते, थुंकलं कोण?