एक लिटर, सातव्या दगडापर्यंत

१९७४ साल, पोळ्याचा दुसरा दिवस, सकाळचे नऊ. माझ्या सदऱ्याच्या आतल्या खिशात अकराशे रुपये होते. हजर माणसं चार: मी, माझी बायको, नरखेड तालुक्यातल्या गावाहून पहाटेच्या एसटीनं आलेले माझे थोरले भाऊ, आणि ज्याच्या शेडमध्ये आम्ही उभे होतो तो मिस्त्री. मधोमध माझी मोटार खड्ड्यावर उभी होती आणि तिचा गिअरबॉक्स काढून बाजूला गोणपाटावर ठेवला होता.

मोटार अमेरिकन, दोन दारांची, आठ सिलिंडरची, स्टिअरिंग डावीकडे. धरमपेठेतल्या आमच्या गल्लीत वळताना आधी बॉनेट वळायचं आणि बऱ्याच वेळानं आम्ही. मॅंगनीजच्या खाणीवरच्या एका साहेबानं देश सोडताना ती विकायला काढली, तेव्हा एवढं जनावर पोसायला कोणी तयार होईना, म्हणून ती मला परवडली. मी ती घेतली याचं कारण तिचा डौल नव्हे. तिला क्लच नव्हता. माझा डावा पाय लहानपणीच्या तापात बारीक राहिला. चालण्यापुरता तो मला साथ देतो, पण क्लच दाबून धरण्याएवढी ताकद त्यात नाही. ज्या मोटारीला क्लच आहे, त्या मोटारीत माझी जागा मागच्या सीटवर.

दुसरंही एक कारण होतं, पण ते मी कुणाला सांगत नसे. शाळेपासून मी सगळ्यांच्या मागून चालत आलो. या मोटारीत उजवा पाय दाबला की सीट पाठीवर आदळायची आणि सीताबर्डीच्या चौकातली सगळी वाहनं मागे पडायची. जिनिंग फॅक्टरीत हिशेबनीस म्हणून मी रोज जाऊन-येऊन बावीस किलोमीटर करायचो. त्यातल्या प्रत्येक चौकात मला हे सुख मिळायचं.

मग पेट्रोलचा भाव वर्षाच्या आत दुपटीपलीकडे गेला, तीन रुपयांच्याही वर. मोटार लिटरला पाच किलोमीटर आणि वर थोडंसं देत होती. महिन्याला साडेतीनशे रुपये नुसते जळायचे, आणि पगार नऊशे पंचवीस. सात किलोमीटर पडले तर हा खर्च दोनशे साठवर येत होता आणि घर चालत होतं. सातच्या खाली मोटार ठेवणं शक्य नव्हतं. रात्रंदिवस हा सात माझ्या डोक्यात फिरत होता. जेवताना मी मध्येच थांबायचो आणि बायको विचारायची, “आत्ता कितीपर्यंत पोचलात?”

मिस्त्रीनं दोष शोधला होता. क्लचच्या जागी या मोटारीत टॉर्क कन्व्हर्टर असतो. तेलानं भरलेलं एक बंद गोल भांडं, आत समोरासमोर दोन पंखे. एंजिन एका पंख्यानं तेल ढकलतं, त्या तेलाच्या जोरावर दुसरा पंखा फिरतो आणि चाकं ओढतो. दोघांमध्ये जेवढी घसरण, तेवढं पेट्रोल तेल तापवण्यात फुकट जातं. आमचं भांडं आतून झिजलं होतं. मिस्त्रीनं कामठीच्या भंगारवाल्याकडून दोन जुनी पसंतीवर आणून ठेवली होती, एक लहान, एक मोठं. दोन्ही आमच्या गिअरबॉक्सला बसत होती आणि दोन्हींचा भाव साडेपाचशे होता.

“हे दोन गंज घ्यायला आपण आलो?” बायको म्हणाली. आमच्याकडे स्वयंपाकाच्या पातेल्याला गंज म्हणतात, आणि ते तसेच दिसत होते.

मी तिची शिवणाची टेप आणली होती. लहान साडेदहा इंच भरलं, मोठं सव्वाबारा.

“साहेब, लहानवालं घ्या,” मिस्त्री म्हणाला. “पिकअप पाहिजे ना तुम्हाले? हे एंजिनले मोकळं उसळू देते. पाय ठेवला का गाडी उडाली समजा.”

“उसळतं म्हणजे घसरतं,” मी म्हणालो. “मोठं लवकर पकड घेतं. पेट्रोल त्यात वाचेल.”

“वाचन. पन गाडी म्हशीवानी उठन. मंग मले बोल लावू नका.”

दादा इतका वेळ दाराशी उभे राहून पान चघळत होते. ते आत आले आणि त्यांनी दोन्ही भांड्यांवर बोटानं टिचकी मारली.

“काल मी बैलाले आराम देल्ला. तू या मोटारीले कधी देतं गा? मी सांगतो ते कर. या मिस्त्रीले हातचा गिअर अन् क्लच बसवू दे. नऊ किलोमीटर देईन. गावातला एक ट्रॅक्टरवाला मी सांगून ठेवला हाय, सोमवारपासून येते. त्याचा पगार मी देतो. तू मांगं बस, सायेबावानी.”

“मला मागे बसायचं नाही.”

“काहून? तुले काय तोटा हाय त्याच्यात?”

याचं उत्तर मला चार माणसांत देता येईना. दादांचं म्हणणं हिशेबानं चूक नव्हतं, आणि तेच मला जास्त खुपत होतं. शेवटी ठरलं असं. मोठं भांडं बसवायचं. रविवारी काटोल रोडवर बाटली लावून पाहायची. एका लिटरमध्ये मोटार सातवा दगड गाठेल, तर दादा क्लचचं नाव काढणार नाहीत. अलीकडे थांबली, तर क्लच बसेल आणि सोमवारी तो माणूस येईल. भंगारवाल्याचे साडेपाचशे मी तिथेच मिस्त्रीजवळ मोजून दिले.

पुढचे दिवस मी एका जागी बसू शकलो नाही. सायकल रिक्षानं कामावर जायचो. प्रत्येक उंचवट्यावर रिक्षावाल्याची पाठ समोर वाकायची आणि मला सोमवार आठवायचा.

बाटली लावणं म्हणजे टाकीची नळी काढून बॉनेटखाली मोजलेल्या एक लिटरची बाटली बांधायची आणि मोटार आपोआप बंद पडेपर्यंत चालवायची. मोटारीचा काटा मैलांचा होता, म्हणून मी रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड धरले आणि पेट्रोल पंपाजवळच्या दगडापासून मोजणी केली. जुन्या भांड्यानिशी हीच परीक्षा दादांच्या मागच्या खेपेला घेतली होती, तेव्हा पाचव्या दगडाच्या थोडं पुढे बंद पडली होती. तेव्हाही आम्ही तिघेच होतो, म्हणून आताही तिघेच बसलो. मी डावीकडे, बायको उजवीकडे, दादा तिच्या मागे. बाटली लावायच्या आधी एंजिन कोरडं होऊन बंद पडू दिलं, नाहीतर आत उरलेलं पेट्रोल हिशेबात आलं असतं.

“देवपूजा करताना तुम्ही एवढं सोवळं पाळत नाही,” बायको म्हणाली.

मोटार निघाली ती खरोखर म्हशीसारखी. पाय दाबला तरी सीट पाठीला लागेना. आवाज कमी, ओढ सावकाश. आपण पुन्हा वर्गाच्या मागे चालतो आहोत असं मला वाटलं. तिसऱ्या दगडापाशी रेतीचा ट्रक आडवा आला. डावीकडे बसून मला पुढचं काही दिसत नसे. ट्रकच्या मागचा फळा तेवढा दिसायचा. उजवीकडे बसलेली बायको रस्ता पाही आणि “जा” किंवा “थांबा” म्हणे. आमची ही रीत पाच वर्षांची होती.

“जा,” ती म्हणाली.

मी पाय पुरा दाबला. पूर्वी मोटार उडी घ्यायची. आता तिनं आधी श्वास घेतला. ट्रकच्या बरोबरीनं आलो आणि तिथेच रेंगाळलो. समोरून एसटी येताना दिसली.

“मांगं घे! मांगं घे गा!” दादा ओरडले.

मी ब्रेक दाबून पुन्हा ट्रकच्या मागे आलो. थोड्या वेळानं परत दाबून पुढे गेलो. एवढ्या खटाटोपात किती पेट्रोल गेलं ते बाटलीलाच माहीत. सहावा दगड गेला. पुढे उतार लागला आणि उताराच्या पायथ्याशी सातवा दगड पांढरा दिसत होता. तेवढ्यात एंजिननं पहिली उचकी दिली.

“न्यूट्रल कर!” दादा मागून पुढे झुकले. “इंजन बंद कर अन् सोड तिले. उतार हाय, आपोआप जाते!”

तेव्हा सगळं नागपूर असंच पेट्रोल वाचवत होतं. उतार दिसला की किल्ली बंद. पण या गिअरबॉक्सला एंजिन चालू असतानाच तेल मिळतं. बंद करून घरंगळवला की तो आतून जळतो. आणि घरंगळत गाठलेला दगड मला मोजता आला नसता. मी ब्रेक दाबला. एंजिननं दुसरी उचकी दिली आणि ते बंद पडलं. सातवा दगड तीनशे पावलं पुढे होता.

दादा खाली उतरले. “जाऊ देलं असतं तं पोचला असता,” ते म्हणाले. आवाजात राग होता. आपण कोणत्या बाजूचे हे त्यांच्या ध्यानात नव्हतं.

मी स्टिअरिंगवरून हात काढले नाहीत. बायको पुढे पाहत होती.

“भाऊजी,” ती म्हणाली, “त्या ट्रकाशी यांनी दोनदा कुस्ती खेळली. ती नव्या गंजाच्या नावावर लिहू नका. इथून परत पंपापर्यंत एकदा बघू.”

“जाताना चढ हाय ना?”

“हो.”

“मंग ठीक हाय. चढावर पोचला तं मी काही बोलत नाही.”

सोबत आणलेल्या डब्यातलं पेट्रोल घालून सातव्या दगडापर्यंत गेलो, मोटार वळवली, एंजिन पुन्हा कोरडं केलं आणि बाटलीत नवा लिटर भरला. चढ संपतो न संपतो तोच पुढे एक ट्रक आला, गवताच्या पेंढ्यांनी भरलेला आणि बैलगाडीहून जेमतेम वेगवान. माझा पाय शिवशिवू लागला.

“थांबा,” बायको म्हणाली.

मी थांबलो. दोन वळणं गेली.

“आता?”

“थांबा.”

“अगं, अजून?”

“थांबा म्हटलं ना.”

ट्रकच्या फळ्यावरचे खिळे मोजण्याइतका वेळ मला मिळाला. गवताच्या काड्या काचेवर येऊन पडत होत्या. मोटार मात्र एका लयीत, एंजिन जवळजवळ न ऐकू येता चालली होती. परतीच्या मोजणीतला पाचवा दगड गेला. मागून दादांचा आवाज नव्हता. एरवी दादा गप्प बसत नाहीत. सहावा गेला. मग पंप दिसला, पंपाजवळचा दगड मागे पडला आणि त्याही पुढे सायकलच्या दुकानासमोर जाऊन मोटार शांतपणे बंद पडली. मोजलं तर सात किलोमीटरच्या वर तीनशेपेक्षा थोडी जास्त पावलं.

दादा उतरून पानाच्या ठेल्याकडे गेले आणि परत आले ते तिघांसाठी पान घेऊन.

“रस्ता तीन डाव मोकळा होता,” ते बायकोकडे न पाहता म्हणाले. “मले दिसत होता.”

“मलाही,” ती म्हणाली.

“मंग सांगतलं काहून नाही?”

“तुम्ही तरी कुठे सांगितलंत?”

दादा हसले आणि पान तोंडात टाकलं. मी त्या दोघांकडे पाहत राहिलो. मला फक्त फळा दिसला होता.

त्या दिवसानंतर चौकातली ती उडी गेली ती गेलीच. चौकात स्कूटरवाले माझ्या पुढे निघून जात. त्याचा त्रास व्हायचा, बरेच दिवस झाला. पण सोमवारी सकाळी मी स्वतः चालवत फॅक्टरीत गेलो.

खर्च असा झाला. कन्व्हर्टरचे साडेपाचशे भंगारवाल्याला, मिस्त्रीच्या हातून. बसवण्याचे आणि तेलाचे तीनशे चाळीस मिस्त्रीला. आणि दादांनी ज्याला हातचं काम सोडायला लावलं होतं, त्या ट्रॅक्टरवाल्याला एक महिन्याचा पगार, दीडशे रुपये. दादा ते घेईनात. मी ते त्यांच्या कोटाच्या खिशात घातले आणि एसटी सुटेपर्यंत खिडकीपासून दूर उभा राहिलो, म्हणजे त्यांना ते परत देता येणार नाहीत.