किल्ली खिळ्यालाच हवी!

“खोटं बोलू नकोस! माझ्या कानांनी ऐकलंय. गाडी तूच काढलीस!”

“मावशी, मी राहनाळला होतो. गोदामाच्या गेटवर. चार माणसं सांगतील.”

“चार काय, चाळीस आणशील! ड्रायव्हर लोकांना साक्षीदारांचा काय तोटा?”

हे आमचं घरात नाही हं, पोलीस चौकीत चाललं होतं. समोर हवालदार, त्यांच्यापुढे तक्रारीचा कागद आणि कागदावर संशयित म्हणून नाव कुणाचं? दीपकचं. माझ्या सख्ख्या बहिणीच्या मुलाचं! घातलं कुणी? मी! ऐका आता. माझी फजिती मीच सांगितलेली बरी. नारपोलीतले लोक सांगतात तेव्हा तिखटमीठ फार लावतात.

दीपक पाच वर्षांचा असल्यापासून माझ्या घरात. आता कुठे राहनाळच्या एका मोठ्या गोदामात त्याला ड्रायव्हरची पक्की नोकरी लागत होती. फक्त पोलिसांचा दाखला बाकी होता, की बाबा या माणसाच्या नावावर काही नाही. आणि नावावर काही चढवायला मी निघाले, तेही त्याच चौकीत. वा गं बाई!

गाडी माझ्या सुनेची. रूपाली अंबाडीच्या शाळेत शिकवते. गाडी बटणाची. किल्ली कुठे घालायची नाही, फिरवायची नाही. नुसती जवळ असली की दार उघडतं, बटण दाबलं की इंजिन सुरू. एक किल्ली घरात, दुसरी दीपककडे, कारण रूपालीला शाळेत सोडायला तोच जायचा.

घरातली किल्ली ही बाई कुठे ठेवायची? स्टीलच्या डब्यात! वर पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद, त्यावर घट्ट झाकण.

मी म्हटलं, “किल्ली काय पापड आहे, हवा लागून सादळायला?”

“आई, ती सारखी गाडीशी बोलत असते. चोर यंत्र लावून ते बोलणं लांबपर्यंत नेतात. गाडीला वाटतं, किल्ली जवळच आली. डब्यात असली की तिचा आवाज बाहेर जात नाही.”

“बोलते? मला तर कधी ऐकू नाही आली!”

आता माझंही ऐका. शाळेची पायरी मी चढले नाही. अक्षरं शिकले ती गोदामातल्या खोक्यांवरची. ‘वरची बाजू’, ‘जपून हाताळा’, ही माझी बाराखडी. हमालीतून सुरुवात केली आणि शेवटी तीस वर्षं किल्ल्यांचा फळा माझ्या ताब्यात होता. गेटच्या आत भिंतीला फळा, फळ्याला खिळे, प्रत्येक कुलपाची किल्ली सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. लपवलेली किल्ली हरवते, दिसणारी किल्ली राहते, हा आमचा कायदा. तीस वर्षांत एक किल्ली गेली नाही. आणि ही कालची पोरगी मला डबा दाखवणार?

रूपाली घराबाहेर पडली की मी किल्ली डब्यातून काढायची आणि दाराच्या आत खिळ्याला लावायची. ती यायच्या आत परत डब्यात. दोन महिने चाललं हे. तिला पत्ता नाही. मी खूश!

त्या शनिवारी रूपाली रिक्षाने बाजारात गेली, गाडी दारासमोर गल्लीत उभी. संध्याकाळी परत आली ती विचारतच, “आई, गाडी कुठाय?”

“दीपकने नेली दुपारी.”

तिने फोन लावला. दीपक म्हणाला, “वहिनी, मी बसने आलोय राहनाळला. गाडी मी नाही आणली.”

झालं! माझं गोदामी डोकं सुरू झालं. काच फुटलेली नाही, भोंगा वाजलेला नाही, एक किल्ली घरात. म्हणजे? कुलूप न तुटता माल गेला, तर किल्लीवाल्याला धरा. दुसरी किल्ली कुणाच्या खिशात? सरळ हिशोब! रूपाली म्हणत होती, “आई, थांबा, समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात बघते.” मी कसली थांबते? रिक्षा केली, चौकी गाठली आणि दीपकला तिथे बोलावून घेतलं.

तर, ते भांडण. दीपक आवाज चढवत नव्हता, त्यानेच मी जास्त भडकले. निर्दोष माणूस ओरडतो, अशी माझी समजूत. शेवटी तो एवढंच म्हणाला, “मावशी, नोकरी जाऊ दे. तू मला चोर म्हणालीस. आता त्या घरात मी पाय ठेवणार नाही.”

“नको ठेवूस!” म्हटलं मी. हो, म्हटलं.

तेवढ्यात रूपाली धापा टाकत आली आणि हवालदारांपुढे मोबाईल धरला. आम्ही सगळे वाकलो.

भर दुपारची गल्ली. एक पोरगा येतो, इस्त्रीचा शर्ट, पाठीला बॅग. माझ्या दाराशी थांबतो. “दादी, पानी मिलेगा?”

आणि आतून माझा आवाज, “अरे, धूप में क्यू खडा है? अंदर आ, सावली में!”

पोरगा आत. दाराला लागून, भिंतीला पाठ टेकून. बॅग, म्हणजे तिच्यातलं ते यंत्रच, कशाला टेकलं असेल? बरोब्बर, खिळ्याला! मी त्याला आत काय सांगत होते ते कॅमेऱ्यात नव्हतं, पण मला आठवत होतं. या गल्लीत चोऱ्या होत नाहीत, कारण मी दारात बसलेली असते, असं सांगत होते मी त्याला.

बाहेर दुसरा पोरगा गाडीजवळ गेला. दिवे लुकलुकले. दार उघडलं. गाडी सुरू.

पुन्हा माझा आवाज, खणखणीत, “दीपक, जपून रे! मागे गटार आहे, उजवीकडे घे!”

आणि गाडी उजवीकडे झाली! इतकं तर दीपकने कधी ऐकलं नाही माझं. दोन इंचांनी गटार चुकवून चोर गेला. मग आतला पोरगा बाहेर आला, वाकून माझ्या पाया पडला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

हवालदारांनी तोंडावर रुमाल धरला. खोकला आला म्हणे.

रूपालीने माझ्याकडे पाहिलं. “आई, किल्ली डब्यात होती ना?”

ओरडली असती तर बरं झालं असतं. मी परत भांडले असते. पण ती हळू विचारत होती, आणि दीपक माझ्याकडे बघतच नव्हता, दाराकडे वळला होता. गाडी त्या दिवशी गेली ती अजून मिळाली नाही. त्याचं दुःख आहेच, पण पंचवीस वर्षं हाताखाली वाढलेल्या पोराला मी एका दुपारच्या आवाजावरून चोर ठरवलं. फळ्यावरची किल्ली मी कधी हरवली नाही, म्हणून आयुष्यभर मिरवले. माणूस किती पटकन हरवता येतो, ते मला कुणी खोक्यावर छापून दिलं नव्हतं.

दीपकचा एक पाय उंबऱ्याबाहेर पडला. ‘चुकले’ हा शब्द मी उभ्या जन्मात नवऱ्यालाही म्हटला नव्हता. तेव्हाही तोंडातून निघेना.

हवालदारांनी पेन उचललं. “मग आजी, काय लिहू?”

मी दीपकचा दंड धरला, त्याला मागे ओढलं आणि म्हटलं, “साहेब, याचं नाव खोडा, चोरांची साथीदार म्हणून माझं लिहा, पत्ता मात्र बदलू नका, आम्ही दोघं एकाच घरात राहतो.”